उतरा जावईबापू, चाक बघा

...आणि वर मलाच विचारतो, 'बटण नीट फिरवलं होतं ना?' आता मला सांगा, बटण काय नीट आणि वाकडं असं दोन तऱ्हांनी फिरवतात का? गोल बटण आहे, टू एच, फोर एच, फोर एल असं त्याच्यावर लिहिलंय, टू एचवरून उचलायचं आणि फोर एचवर न्यायचं, की पुढची चाकंसुद्धा जोर लावायला लागतात आणि समोर एक हिरवा दिवा लागतो. संपलं! पण हा मिस्त्री असा विचारतो, जणू मी गाडीचा भलताच कान पिळून आलोय. आणि तुम्हाला सांगतो, सगळ्यात संताप कशाचा येतो माहितीये? त्याच्या गॅरेजमध्ये लागतं! त्यानं नुसतं दोन बोटांनी बटण फिरवलं की हिरवा दिवा लख्ख! चढाखाली नेलं की नाही. गॅरेजमध्ये हो, चढाखाली नाही. आता याला तुम्ही काय म्हणाल? मी संशयी माणूस नाही हं. पण लक्ष ठेवावं लागतं.

तुम्ही म्हणाल, फोर व्हील हवंय कशाला एवढं? बरोबर आहे, माझीही बायको हेच म्हणाली होती गाडी घेताना. माझी रोपवाटिका आहे. कुंड्या, मातीची पोती, फुलझाडं, हे सगळं लोकांच्या बंगल्यांवर पोचवायचं, आणि हल्ली लोक बंगले कुठं बांधतात तर जिथं शेळीसुद्धा विचार करून पाय टाकेल अशा जागी. म्हणून मी जुनी का होईना पण चारी चाकं ओढणारी पिकअप घेतली. मागं माल, पुढं दोन रांगा बसायला. आणि दुसरं कारण म्हणजे आमचे सासरेबुवा. त्यांचं घर टेकडीवर, अगदी शेवटी, त्याच्यापुढं रस्ताच नाही. रस्ता म्हणजे काय, लाल चिखल, तो पण उभा. साधी गाडी अर्ध्यावर जाते, मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, काचेवर चिखल उडतो आणि गाडी सावकाश मागं यायला लागते. ते मागं येणं ज्यानं अनुभवलंय त्यालाच माहीत.

तर अण्णा, म्हणजे सासरे, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना आम्ही आमच्याकडे आणलं. अण्णा निवृत्त बस ड्रायव्हर. आयुष्यभर बस चालवली, पण बसमधून उतरले असं काही म्हणता येणार नाही. आमच्या हॉलमध्ये माझी एक खुर्ची आहे, खिडकीजवळची, पाठीला जरा कलती, माझ्या पाठीचा साचाच बनलाय तिच्यात. त्या खुर्चीत अण्णा बसले, समोर स्टुलावर पाय लांब केला, आणि तिथून घर चालवायला लागले. 'दार हळू लावा. पंखा एकावर ठेवा. बातम्या पुरे.' मी माझ्याच घरात हात दाखवून वळायला लागलो हो! आणि रोज सकाळी, चहाचा कप खाली ठेवला की ठरलेलं वाक्य. 'मला माझ्या घरी सोडा. जावयाच्या दारात पडून राहणारा माणूस नाही मी.' ते पण इतक्या मोठ्यांदा, की वरच्या मजल्यावरचे लोक माझ्याकडे वाईट नजरेनं बघायला लागले, जणू मी म्हाताऱ्याला डांबून ठेवलंय.

आता खरं सांगतो, लपवून काय करायचंय. मलाही ते जायला हवेच होते. माणूस वाईट नाही, पण मला माझी खुर्ची हवी होती. डॉक्टर म्हणाले, आता जाऊ शकतात, फक्त चढउतार जपून. मी म्हटलं, चढउतार माझी गाडी करेल! बायकोनं बॅग भरली, अण्णांना पुढं माझ्या शेजारी बसवलं, पाय लांब करता यावा म्हणून, ती स्वतः मागं बसली, आणि निघालो. चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवली. गाडी थांबलेली, गियर न्यूट्रल, ब्रेकवर पाय, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. बटणाला हात लावणार, तोच अण्णा म्हणाले, 'थांबा. आधी उतरा जावईबापू, पुढचं चाक बघा.'

आता हल्लीच्या गाडीत पुढच्या चाकाशी बघण्यासारखं काही नसतं. जुन्या गाड्यांना चाकाच्या मध्ये एक चकती असायची, ती हातानं फिरवून लॉक करावी लागायची. आमच्या गाडीत तसलं काही नाही, सगळं आतून होतं. पण ज्यानं घाटात बस चालवलीये त्याला हे सांगायचं कुणी? मी उतरलो, चिखलात उभा राहिलो, चाक बघितलं. चाक होतं. दुसऱ्या बाजूला गेलो. तिथं पण होतं. परत येऊन बसलो, बटण फिरवलं... दिवा नाही! पुन्हा फिरवलं. नाही! गाडी पुढं घेतली, मागं घेतली, बंद करून चालू केली, तरी नाही. म्हटलं, तशीच दामटू. अर्ध्यावर गेलो आणि मगाशी सांगितलं ना, ते मागं येणं... ते झालं. बायकोनं मागून माझी कॉलर धरली होती. अण्णा मात्र शांत. म्हणाले, 'राहू द्या. आता काय, तुमच्या घरी चला.'

तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, 'साहेब, आधी फ्यूज बघा.' फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, तो गेला तर बटणाला वीजच पोचत नाही. आणि त्याची डबी कुठं? डाव्या बाजूला, खाली, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी. माझं पोट बघताय ना तुम्ही? मी तिथं वाकलो असतो तर मला काढायला दुसरा मिस्त्री बोलवावा लागला असता. अण्णा म्हणाले, 'तुम्ही कशाला त्रास घेता, माझ्या गुडघ्याशीच तर आहे.' वाकले, मोबाईलचा उजेड पाडला, डबी उघडली, दोन्ही डोळ्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, 'ठणठणीत आहे.' आता एवढा जुना ड्रायव्हर म्हणतोय ठणठणीत, म्हणजे ठणठणीतच. मी मिस्त्रीला ऐटीत सांगितलं, फ्यूज बघितलाय, दुसरं काहीतरी बोल.

तो म्हणाला, घेऊन या. घेऊन गेलो, अण्णा सोबत, त्यांना म्हणे वायरिंगचं कळतं. गॅरेजच्या फाटकाशी अण्णा म्हणाले, 'हॉर्न वाजवू नका, उतरून हाक मारा, माणसानं माणसाला हाक मारावी.' आता आयुष्यभर ज्या गृहस्थानं हॉर्नवर कोपर ठेवून बस चालवली, त्यांच्या तोंडी हे! पण उतरलो. हाक मारली. मिस्त्री आला, आत बसला, बटण फिरवलं. हिरवा दिवा! तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. त्यानं गाडी उचलून पुढची चाकं फिरवून दाखवली. फिरतायत! म्हटलं ठीक, नशीब. परत चढाखाली आलो. 'उतरा जावईबापू, चाक बघा.' बघितलं. बसलो. फिरवलं. अंधार.

असं किती वेळा झालं ते विचारू नका. मला मिस्त्रीचा संशय यायला लागला. मी संशयी माणूस नाही हं, पण लक्ष ठेवावं लागतं. असे मिस्त्री असतात ना, एक बोल्ट आवळताना दुसरा सैल करून ठेवणारे? मी काय केलं, बायकोचं नेलपॉलिश घेतलं, आणि गाडीखाली आडवा होऊन, म्हणजे जेवढा जाऊ शकलो तेवढा जाऊन, दिसेल त्या बोल्टवर लाल टिकली लावली. कुणी हात लावला तर टिकली फुटणार! दुसऱ्या खेपेला मिस्त्रीनं गाडी उचलली, खालून बराच वेळ बघत राहिला आणि विचारलं, 'साहेब, गाडीला गोवर आलाय का?' टिकली एकही फुटली नव्हती. पण म्हणून काय संशय सोडायचा? तो माझ्याकडे बघून जरा जास्तच गोड हसला होता.

मग मेहुणा. तो लांब राहतो, पण मधे येऊन चार दिवस गाडी घेऊन गेला होता. अण्णा त्याच्याकडे कधी राहत नाहीत, म्हणजे बाप चढाखाली अडकला, तर कुणाच्या घरी अडकणार? माझ्या! यात त्याचा फायदाच ना? मी फोन करून आडून आडून विचारलं, गाडी नेली तेव्हा पाण्यातून घातली होती का, पुढून काही आवाज येत होता का. तो म्हणाला, 'दाजी, सरळ विचारा ना, मी काही बिघडवलं का म्हणून.' बघा! मी विचारलंच नव्हतं आणि यानं उत्तर दिलं! शिवाय मागं कुणीतरी हसत होतं, ते पण मी ऐकलं.

पण खरी गंमत पुढं आहे. हळूहळू माझं लक्ष गेलं घरच्याच माणसाकडं. बॅग! अण्णांची बॅग बायको भरायची आणि गाडीत मी ठेवायचो. पहिल्या खेपेला ती उचलताना मी कण्हलो होतो. पुढच्या खेपेला दोन बोटांनी उचलली. उघडून बघितली तर आत एक धोतर आणि पंचा. बाकी कपडे? धुवायला! जो माणूस आज कायमचा घरी जाणार आहे, त्याचे कपडे त्याच दिवशी धुवायला? मग स्वयंपाकघरात डोकावलो. रात्रीसाठी कणीक मळून ठेवलेली, आणि गोळा केवढा? माझ्या एकट्याच्या खाण्याचा अंदाज आहे मला. तो गोळा आम्हा दोघांचा नव्हता. त्यात तिसरा माणूस होता. मी विचारलं, एवढी कणीक कशाला? तर म्हणाली, 'असू दे, अंदाज चुकला.' तिचा अंदाज लग्नापासून एकदाही चुकलेला नाही, फक्त नवरा निवडताना सोडून, असं तीच सांगते.

म्हणजे हिला आधीच माहीत होतं की गाडी चढणार नाही! आणि ही बसते कुठं? मागं, माझ्या पाठीशी, जिथं मला दिसत नाही. मागून काय करते, कुठली वायर ओढते, कुणाला माहीत? मी ठरवलं, हिला डोळ्यासमोर ठेवायचं. मिस्त्रीकडून निघतानाच म्हटलं, 'अगं, आज तू पुढं बस. अण्णा, तुम्ही मागं पाय आडवा टाकून ऐसपैस बसा, जरा आराम पडेल.' अण्णा म्हणाले, पुढंच बरं. मी म्हटलं, नाही नाही, गुडघा आहे. ते म्हणाले, गुडघा पुढंच बरा राहतो. पण बायको तोपर्यंत पुढं बसलीसुद्धा होती, आणि माझी नजर तिच्या दोन्ही हातांवर.

चढाखाली आलो. मागून आवाज आला, 'उतरा जावईबापू, चाक बघा,' पण आज आवाजात दम नव्हता. मी उतरलो नाही. हिला एकटी सोडून उतरतोय होय! बटण फिरवलं आणि हिरवा दिवा! अहो, टाळ्या वाजवायचाच राहिलो मी. गाडी अशी चढली, चिखल बाजूला सारत, गुरगुरत, एकदाही पाय न घसरता, आणि मी आरशात बघून म्हटलं, 'अण्णा, चला, पोचलात घरी!' अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

वर पोचलो. मी त्या घरी खूपदा गेलोय, पण तेव्हा सासूबाई होत्या. त्या गेल्यावर मी नुसता दारात माल टाकल्यासारखा यायचो आणि जायचो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. ओसरीवर एक खुर्ची. शेजारी दुसरी होती, ती भिंतीकडं तोंड करून ठेवलेली. खिडकीत एक कप, उपडा. आणि शांतता कसली, तर गाडी बंद केल्यावर इंजिनाचा टिकटिक आवाज ऐकू येत होता, बाकी काही नाही. मी बॅग काढली, दार उघडलं. अण्णा उतरेनात. खिसे चाचपले आणि म्हणाले, 'किल्ली खालीच राहिली वाटतं.' अहो, किल्ली त्यांच्या चष्म्याच्या दोरीला बांधलेली असते! गळ्यात होती, सदऱ्याच्या आत, दोरी मला दिसत होती! मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, 'राहू द्या.' बस, एवढंच. मला तेव्हाही कळलं नाही हो. मी मनात म्हटलं, दोघं सामील आहेत!

खाली येईपर्यंत मी गुन्हा शोधून काढला होता. ती मागं बसते तेव्हा बिघडतं, पुढं बसली की चालतं, म्हणजे तीच. दुसऱ्या दिवशी तिला घरीच ठेवली. फक्त मी आणि अण्णा. अण्णा लगबगीनं पुढं बसले, गुडघ्याचं नावही नाही. चढाखाली आलो. 'उतरा जावईबापू, चाक बघा.' आता बायको घरी, मिस्त्री गॅरेजात, मेहुणा लांब. संशय घ्यायला कुणी उरलंच नव्हतं, म्हणून मी निवांत उतरलो. चाकाशी उभा राहिलो आणि सहज माझी नजर डावीकडच्या काचेतून आत गेली.

अण्णा वाकले होते. डबी उघडलेली. दोन बोटांत तो एवढासा तुकडा धरून त्यांनी बाहेर ओढला, चष्म्याच्या घरात ठेवला, घर टपकन मिटलं, खिशात घातलं, आणि सरळ बसून समोर बघायला लागले. इतक्या सफाईनं, की माझ्या खिशात हात घातला असता तरी मला कळलं नसतं. आणि चेहरा कसा होता सांगू? शाळेत पोट दुखतंय असं खोटं सांगून घरी राहायला मिळालेलं पोर असतं ना, तसा. थोडा घाबरलेला.

तुम्हाला सांगतो, मी चाकाकडं बघत राहिलो. खूप वेळ. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण वर बघायचं धाडस होईना. रोज सकाळी वरचा मजला ऐकेल एवढ्या आवाजात 'मला घरी सोडा' म्हणणारा माणूस... त्याला तिथं त्या भिंतीकडं तोंड केलेल्या खुर्चीजवळ जायचंच नव्हतं. पण जावयाला कसं म्हणणार, मला ठेवून घ्या? आणि मी मात्र त्या एका खुर्चीपायी त्याला रोज उचलून चढाखाली आणत होतो.

आत बसलो. बटण फिरवलं. दिवा लागला नाही. मी म्हटलं, 'लागत नाही, अण्णा.' ते म्हणाले, 'नाही ना?' मी म्हटलं, 'नाही. जुनी गाडी आहे, हे काही सुधारेल असं वाटत नाही.' अण्णा हळूच म्हणाले, 'मग घरी चला.' लक्षात आलं का? आजवर म्हणायचे, तुमच्या घरी चला. त्या दिवशी नुसतं घरी.

बायकोला येऊन सांगितलं, हळू आवाजात, मोठं गुपित फोडल्यासारखं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, 'अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.' म्हणजे? मेहुण्याला फोन केला, तर तो म्हणाला, 'दाजी, माझ्या शाळेच्या नाटकाच्या दिवशी अण्णांची बस आमच्या शाळेसमोर अशीच बंद पडली होती. नाटक संपल्यावर चालू झाली.' मिस्त्रीला म्हणालो, तर म्हणे, 'साहेब, तुमच्या गाडीतला तो एकच फ्यूज काढून घालून चकचकीत झाला होता, बाकी सगळ्यांवर धूळ.' म्हणजे सगळ्यांना माहीत! सगळ्यांवर लक्ष ठेवणारा मी, आणि कळलं नाही ते एकट्या मलाच!

बरं, इथं संपलं असतं तर बरं होतं. आठवड्यानं सकाळी चहाचा कप खाली ठेवून अण्णा म्हणाले, 'जावईबापू, आज लागेल असं वाटतंय. वरून माझं कपाट आणायचंय.' आम्ही गेलो. चढाखाली मी सवयीनं उतरायला लागलो, तर म्हणाले, 'बसा हो, चाकाला काय झालंय?' फिरवलं, हिरवा दिवा! कपाट आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं, रेडिओ आणि गाद्या आणल्या. मग भांडी. मग सासूबाईंची तुळशीची कुंडी, ती मी स्वतः मांडीवर घेऊन बसलो, गाडी अण्णांनी चालवली, गुडघ्याला काही होत नाही म्हणाले. शेवटच्या खेपेला ती भिंतीकडं तोंड केलेली खुर्ची. ती हॉलमध्ये ठेवली, तोंड माणसांकडं करून.

मी म्हटलं, चला, आता तरी अण्णा आपल्या खुर्चीत बसतील आणि माझी मला मिळेल. अण्णांनी दोन्ही खुर्च्यांकडं बघितलं, माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीत नीट टेकून बसले, स्टुलावर पाय लांब केला आणि त्या लाकडी, ताठ पाठीच्या, एक पाय आखूड असलेल्या खुर्चीकडं बोट दाखवून म्हणाले, 'बसा ना जावईबापू, आपलंच घर आहे.' बसलो. काय करता? मी संशयी माणूस नाही हं. पण सगळ्या गाडीवर लक्ष ठेवलं, आणि खुर्चीवर ठेवायचं तेवढं राहून गेलं.